उकळीपाशी उभे असणारे मामा

फोन आला तेव्हा केटल उकळीला आली होती. नसरापूरजवळ हायवेला लागून माझी बीअर बनवायची छोटी शेड आहे. मागे भांडी, पुढे बसून प्यायला चार टेबलं. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गरम पाण्यात भिजवून काढलेला गोड रस आम्ही मोठ्या स्टीलच्या भांड्यात, म्हणजे केटलमध्ये, उकळायला ठेवतो. पहिल्या उकळीला तो रस दुधासारखा फुगून वर येतो, आणि त्या वेळी तुमची नजर जरा हलली की संपलंच. म्हणून मी त्या वेळेत कुणाचा फोन घेत नाही. पण स्क्रीनवर ‘मामा’ असं नाव दिसलं. सकाळच्या एसटीनं येणारे मामा अजून आले नव्हते, म्हणून मी फोन उचलला आणि पलीकडचं काही ऐकायच्या आधीच चिडून म्हणाले, “कुठं राहिलात? मी एकटीच उभीय हितं.” पलीकडून आवाज आला तो मामीचा. “मने… तुजं मामा गेलं गं.” निघायच्या तयारीत होते, चहा घेतला, चपला घातल्या, एसटीला वेळ आहे म्हणून ओट्यावर टेकले आणि तिथंच मान टाकली. एवढं ती कसंबसं बोलली. मी काय बोलले ते मला आठवत नाही. भानावर आले तेव्हा केटलच्या तोंडातून फेस बाहेर पडून फरशीवर पसरला होता आणि माझे दोन्ही पाय त्या कोमट चिकट रसात होते. मामा माझ्याकडे यायला लागल्यापासून त्या शेडमध्ये काही उतू गेलं, असं पहिल्यांदाच झालं.

आता महिना होऊन गेला. लिहायला बसले तर सारखी तीच फरशी डोळ्यांसमोर येते, म्हणून तिथूनच सुरुवात केली.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. मार्गासनीच्या पुढच्या एका वाडीत घर, भाताची खाचरं, दोन म्हशी. सगळी हयात त्यांनी दुधाच्या डेअरीत काढली. दूध तपासणं, तापवणं, थंड करणं, खवा आटवणं हे त्यांचं काम. गावात त्यांना दत्तूभाऊ म्हणत. अंगानं बारीक, आवाज मोठा, आणि माणूस असा की चहासुद्धा दुसऱ्यानं केलेला चालायचा नाही, कारण दुसरा माणूस गॅसपाशी उभा राहत नाही, इकडंतिकडं बघतो. मामी म्हणायची, “लग्न झाल्यापासनं माज्या घरात दूध उतू गेलेलं न्हाई, आनि त्यात माजं काय बी न्हाई.” निवृत्त झाल्यावर मात्र त्यांचं घरात पटेना. मामीच्या चुलीत लुडबुड, म्हशीच्या आंबोणात लुडबुड. मामीनंच एक दिवस मला फोन लावला आणि सांगितलं, “ह्यास्नी तुज्याकडं काय तरी काम बघ. न्हाईतर मी म्हायेरला जाते.” मामी तेव्हा साठीची होती आणि माहेरी तिच्या एक भाचा सोडला तर कुणी नव्हतं.

मी मायक्रोबायॉलॉजी शिकले, पुण्यात एका मोठ्या बीअरच्या कारखान्यात काही वर्षं काढली आणि मग गावाकडं येऊन हा उद्योग मांडला. घरात त्यावर काय काय बोलणं झालं ते सांगत बसत नाही. मुलगी, त्यात दारूचा धंदा, म्हणजे काय झालं असेल ते वाचणाऱ्यांनी समजून घ्यावं. मामा एकटे असे निघाले की त्यांनी आधी विचारलं, “उकळतेस कशात?” शेड बघायला आले ते नेमके मी फरशी पुसत असताना. वेल्ह्याकडची नाचणी आणि गहू घालून मी एक बीअर करत होते, आणि गहू घातला की फेस दुप्पट. मामांनी दारातूनच ओरडायला सुरुवात केली, “अगं, दूध ठिवून गप्पा मारत बसलीस व्हय?” मी म्हटलं, दूध नाही मामा, आणि मी एकटी आहे, गप्पा कुणाशी मारू? ते आत आले, केटलभोवती एक फेरी मारली, केटल तापवणाऱ्या वाफेचा व्हॉल्व्ह कुठं आहे, किती फिरतो, बंद केल्यावर उकळी बसायला किती वेळ घेते, हे सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, “उद्यापास्नं मी येतो.” पगाराचं वगैरे काही नाही. डबा मात्र घरून आणायचे आणि त्यातला अर्धा मला खायला लावायचे.

हा माणूस जन्मात कधी दारूला शिवला नव्हता, हे सांगायला हवं. माझ्याकडं तीन वर्षं आला, पण बीअरचा एक घोट त्यानं घेतला नाही. मी एकदा आग्रह केला तर म्हणाले, “डेरीत बी मी गाईचं दूध कुटं प्यायचो? मला म्हशीचंच लागतं. पन गाईचं चांगलं का नासकं ते मी वासावरनं सांगायचो.” बीअरचंही तसंच. ग्लास उजेडात धरायचे, वरचा फेस किती जाड आहे, किती वेळ टिकतो, खाली उतरताना काचेवर गोल वळं ठेवतो का, हे बघायचे. चांगला असला की म्हणायचे, “साय धरलीया.” यापेक्षा मोठं कौतुक त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही, आणि बीअर कळणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत.

पण आल्या आल्या मामांनी मला एका घाण्यात, म्हणजे बीअरच्या एका अख्ख्या खेपेत, बुडवलं, तेही सांगते, नाहीतर ते मलाच म्हणतील की निम्मंच लिहिलंस. गव्हा-नाचणीचा रस उकळायला ठेवलेला, मी बाहेर कुणाशी तरी बोलत होते. फेस एकदम वर आला. मामांनी व्हॉल्व्ह बंद केला, तरी तो बसेना. तेव्हा त्यांनी तेच केलं जे चाळीस वर्षं खव्याच्या कढईपाशी केलं होतं, आणि आपल्याकडं कुठल्याही घरात बाई किंवा बुवा जे करील तेच केलं. डब्यातून घरच्या तुपाची वाटी काढली आणि चमचाभर तूप त्या केटलमध्ये सोडलं. फेस क्षणात खाली बसला. मी आत आले तर मामांचा चेहरा असा फुललेला, जणू म्हैस व्याली. मला काही बोलले नाहीत. बहुधा आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. तो धक्का बसला बीअर तयार झाल्यावर. पहिला ग्लास भरला, वर फेसच नाही. दुसरा भरला, तोही तसाच. गार झालेला कोरा चहा ग्लासात ओतावा तशी ती बीअर दिसत होती. पुढच्या टेबलावरचं गिऱ्हाईक म्हणालं, ही शिळी दिसतेय. मी सगळं तपासलं, यीस्ट, पाणी, नळ्या, आणि शेवटी डोकं धरून बसले. मामा समोर उभे होते. म्हणाले, “मने, तूप म्या घातलं हुतं.” मी काही बोलायच्या आत त्यांनीच विचारलं, “तुपानं मरतो व्हय फेस? म्हंजी हितला बी आनि ग्लासातला बी?” मी मान हलवली. त्यांनी तो ग्लास उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, “आपल्याला हितला मारायचाय आनि तितला जगवायचाय. असं औषध असंल की कुटं तरी.”

तसं औषध असतं. त्याला अँटीफोम म्हणतात, आणि मी ते मुद्दाम वापरत नव्हते, कारण पुण्यात असताना त्याचा धसमुसळा वापर पाहिला होता: मापाशिवाय ओतायचं आणि निवांत जेवायला जायचं. मामांना हे सांगितल्यावर त्यांनी तो विषय असा धरला की सोडलाच नाही. पुण्यातून तीन-चार ठिकाणच्या नमुन्याच्या बाटल्या मागवल्या. एक विकणारा तर रंगाच्या कारखान्यात चालणारंच आम्हाला देत होता, स्वस्तात पडेल म्हणाला. मामांनी त्याला फोनवर असं झापलं की शेजारचा टपरीवाला ऐकायला आला. “खायच्या वस्तूत चालतं असं कागदावर लिवून दे, त्यात काय काय हाय ते लिवून दे, आनि जास्तीत जास्त किती घालायचं ते बी. न्हाईतर तुजं रंगाचं डबडं तुलाच लखलाभ.” त्या निमित्तानं त्यांना समजलं की तान्ह्या बाळाच्या पोटात वारा धरला की डॉक्टर जे थेंब देतात, ते याच जातीचं औषध आहे; पोटातले बुडबुडे फोडणारं. या शोधाचा त्यांना इतका आनंद झाला की पुढं कुणीही नाक मुरडलं की ते पहिलं हेच सांगायचे.

मग परीक्षा सुरू झाली ती मामीच्या स्वयंपाकघरात. मी स्टीलच्या कॅनमधून रस पाठवायचा, मामांनी तो पातेल्यात गॅसवर चढवायचा, औषधाच्या बाटलीतला ड्रॉपर धुऊन घेतलेला, आणि एकेका नमुन्याचा एकेक थेंब. मामी दारात कमरेवर हात ठेवून उभी. “घरात दारू शिजवताय? देव बसल्यात आत.” मामा गॅसवरची नजर न काढता म्हणायचे, “अजून दारू न्हाई झाली ती. अजून गोड पानीच हाय. दारू तिकडं हुती, मनीच्या शेडात.” मामी म्हणायची, “मग देवाला बी सांगा तसं.” एक नमुना पाण्यात मिसळेचना, तेलासारखा वर तरंगायचा; तो बाद. एकाला उग्र वास, तो बाद. एक चांगला होता, पण उन्हात राहिला तर फाटायचा, तळाला पाणी आणि वर दही. मामा म्हणाले, याला सावली लागते, म्हशीसारखा सांभाळावा लागंल, पण काम चोख आहे. तो ठेवला. थेंब कमी करत करत आणले. फेस कुठं बसतो आणि कुठं हट्ट करतो ते बघितलं. मग त्याच मापानं शेडमध्ये घाणा लावला, बीअर तयार व्हायची वाट बघितली आणि ग्लास भरला. वर दोन बोटं जाड पांढरा फेस उभा राहिला आणि हलेना. उकळताना फेस बाहेर सांडला नाही, म्हणून फेस धरणारं जे काही रसात असतं ते रसातच राहिलं, आणि घातलेलं औषध गाळाबरोबर आणि यीस्टबरोबर तळाला बसून निघून गेलं. हे मी त्यांना समजावून सांगितलं तेव्हा ते नुसतं ग्लासाकडं बघत म्हणाले, “साय धरलीया.”

वापरायची त्यांची रीत ठरलेली होती. बाटली आधी हलवायची. मापाचे थेंब उकळून गार केलेल्या पाण्यात त्याच वेळी कालवायचे, कालचं कालवलेलं वापरायचं नाही. उकळी फुटायच्या जरा आधी घालायचं. फेस काठाशी आल्यावर घालणं म्हणजे घर पेटल्यावर विहीर खणणं. आणि घातलं म्हणून केटलपासून हलायचं नाही. मी एकदा म्हटलं, मामा, आता औषध घातलंय, बसा की जरा खुर्चीवर. ते म्हणाले, “औषध चुकारपना कराय न्हाई. आधी डोळं, मग व्हॉल्व्ह, मग औषध.” केटलच्या डाव्या अंगाला, व्हॉल्व्हवर एक हात ठेवून, ते पहिली उकळी बसेपर्यंत उभे राहायचे. गुडघे दुखायचे तरी उभे राहायचे.

इथपर्यंतचं सगळं हसतखेळत लिहिता येतं. पुढचं तसं नाही.

मामांच्या वाडीत दरवर्षी सप्ताह होतो आणि शेवटच्या दिवशी काल्याला तांदळाची खीर असते. तिची रीत अशी की दूध कुणी विकत आणत नाही. प्रत्येक घरातून तांब्याभर, कुणाकडून कळशीभर दूध येतं आणि ते सगळं एकाच मोठ्या कढईत पडतं. ज्याच्याकडं जनावर नाही तो शेजारून मागून आणतो, पण आणतो. त्या कढईपाशी उभं राहायचा मान मामांचा होता, मी परकर घालत होते तेव्हापासून. मान म्हणजे हारतुरे नाहीत. पहाटे अंघोळ करून यायचं आणि दूध आटेपर्यंत धुरात उभं राहायचं, एवढंच. पण उतू गेलं तर सगळ्या वाडीचं दूध उतू गेलं, असं तिथं मानतात, आणि मामा असताना ते कधी गेलं नाही. लहानपणी मला वाटायचं, दूध मामांना घाबरतं.

माझ्या शेडमध्ये त्यांचं येणं-जाणं सुरू झाल्याचं वाडीत कळायला वेळ लागला नाही. सप्ताहाचं सगळं बघणारे सोपानतात्या हे मामांचे शाळेपासूनचे सोबती; दोघांची खाचरं बांधाला बांध लागून. ते एका संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले. मीही होते तिथं, मामांना सोडायला गेले होते. पाऊसपाणी, भातावरचा करपा, असं बोलून झाल्यावर तात्या म्हणाले, “दत्तू, यंदा खिरीला तू नगं. लोकं बोलत्यात.” मामा म्हणाले, “लोकं म्हंजी कोन?” तात्या खरं बोलणारा माणूस. म्हणाले, “त्यात मी बी हाय. दारूच्या भांड्यापाशी उभा ऱ्हानारा मानूस देवाच्या कढईपाशी कसा चालंल? तू तिकडचं सोड, उद्या ये.” मामांनी त्यांना बाळाच्या औषधाचं वगैरे काही सांगितलं नाही. “बरं,” म्हणाले, आणि मामीला हाक मारून तात्यांसाठी चहा सांगितला. तो चहा मात्र त्यांनी स्वतः जाऊन केला.

मी दुसऱ्या दिवशी त्यांना स्पष्ट सांगितलं की उद्यापासून येऊ नका, माझं मी बघेन, तुमचा गावातला मान माझ्यापायी जायला नको. खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. मामा बाटली हलवत उभे होते, हलवायचे थांबले नाहीत. म्हणाले, “मने, हितं म्या काय वंगाळ केलं? उतू जाऊ दिलं न्हाई, एवढंच. तितं बी तेच करत हुतो. मग हितलं पाप आनि तितलं पुन्य, असं कसं?” मी म्हटलं, त्यांना तसं सांगा. ते म्हणाले, “सांगून पटत न्हाई ते. त्येला पटंल तवा पटंल.” आणि त्यांनी व्हॉल्व्हवर हात ठेवला, कारण उकळी येत होती.

त्या वर्षी कढईपाशी तात्या स्वतः उभे राहिले. खीर खाली लागली. पंगतीत पहिला घास घेतल्याबरोबर करपल्याचा वास सगळ्यांना आला आणि सगळ्यांनी मामांकडं बघितलं. त्यांनी काहीतरी बोलावं असं पंगतीतल्या निम्म्या लोकांना वाटत असणार. मामांनी द्रोण संपवला आणि वाढप्याला हाक मारली, “हितं वाढा अजून!” घरी येताना मी वाटेत तात्यांच्या नावानं बरंच बोलले. मामांनी मला गप्प केलं. “तात्याचं हात बघितलंस का? मनगटापातूर भाजल्यात वाफंनं. त्येला उभं कुटं ऱ्हायचं ते म्हाईत न्हाई. वारं बघून उभं ऱ्हावं लागतं.” घरी गेल्यावर त्यांनी कोरफडीची पात कापली आणि मामीच्या हातून तात्यांकडं पाठवून दिली.

मला वाटत होतं, मामांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांच्या अंगातच नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगायचे. खरं काय ते मला मामीनं सांगितलं, ते गेल्यावर, दहाव्याच्या आदल्या दिवशी. त्या वर्षी, पुढच्या वर्षी आणि या वर्षीही, काल्याच्या दिवशी मामा पहाटे उठले, अंघोळ केली, धुतलेलं धोतर आणि पांढरा सदरा घातला, आणि उजाडेपर्यंत ओट्यावर बसून राहिले. मामीनं विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, “कुनी बोलवाय आलं तर… तयार असलेलं बरं.” कुणी आलं नाही. ऊन पडल्यावर सदरा काढून ठेवायचे आणि म्हशींकडं जायचे. हे ऐकल्यावर मला तात्यांचा फार राग आला, आणि तो मी इथं लपवत नाही. इतक्या चांगल्या माणसाला इतकं साधं काहीतरी हवं होतं, आणि ते त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होतं.

तेराव्याला पावसानं कहर केला. दोन दिवस धार धरून होती. अंगणात ताडपत्री बांधून चूल मांडली होती, पण लाकडं भिजून सरपणाचा लगदा झालेला, नुसता धूर. आमटी-भात घराघरातल्या गॅसवर शिजवायला वाटून दिला. खिरीचं मात्र अडलं. मामांच्या तेराव्याला वाडीतून इतकं दूध आलं होतं की ते कुठल्याच घरगुती शेगडीवर मावणारं नव्हतं. बायका म्हणाल्या, थोडी करू, नैवेद्यापुरती. सोपानतात्या ताडपत्रीखाली उभे होते, डोक्यावर पोतं घेतलेलं. मला म्हणाले, “मने, तुज्या शेडात वाफंवरचं भांडं हाय न्हवं मोठं?” मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, “तात्या, बीअरचं भांडं आहे ते.” ते म्हणाले, “धुतलेलं हाय का?” मी म्हटलं, धुतलेलं आहे, मामा गेल्यापासून मी काहीच लावलेलं नाही. कुणीतरी मागून कुजबुजलं. तात्यांनी वळून सांगितलं, “ज्याला चालनार न्हाई त्यानं आमटी-भात खावा.” आणि दुधाचे कॅन टेम्पोत चढवायला घेतले.

तात्या टेम्पोत माझ्या शेजारी बसून आले. शेडच्या दाराशी आल्यावर त्यांनी चपला काढल्या. मी म्हटलं, तात्या, फरशी गार आहे, असू द्या. त्यांनी ऐकलं नाही. चपला भिंतीला सरळ लावून ठेवल्या आणि अनवाणी आत आले. मी केटल पुन्हा एकदा गरम पाण्यानं धुतली, त्यांच्यादेखत. दूध ओतलं, तांदूळ पडला, वाफ सोडली. तात्या लांब, भिंतीपाशी हात बांधून उभे. दूध तापत गेलं, कडेनं सरकायला लागलं, मग मधोमध एक फुगा आला आणि बघता बघता सगळं वर यायला लागलं. तात्या ओरडले, “आलं, आलं! मने, टाक की त्येचं ते औषध!” मी केटलच्या उजव्या अंगाला होते. व्हॉल्व्ह डावीकडं. तीन वर्षं त्या व्हॉल्व्हला उकळीच्या वेळी मला हात लावायची वेळ आली नव्हती, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “बंद करा, मामा…”

मी जागची हललेच नाही. तात्या धावले. कुठल्या बाजूला फिरवायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण मिळालं ते फिरवलं आणि नशिबानं ते बंदच्या बाजूनं फिरलं. काठावरून दुधाचा एक ओघळ खाली उतरला आणि बाकीचं सावकाश बसलं. तात्यांचा हात व्हॉल्व्हवरच होता. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “हितं उभा ऱ्हायचा व्हय त्यो?” मी म्हटलं, “व्हय. हात असाच ठेवून.” वाफ पुन्हा थोडी सोडायची, वर आलं की बंद करायची, हे मी त्यांना दाखवलं, आणि खीर आटून होईपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मी खुर्ची दिली तर नको म्हणाले. डोळे पुसत होते की वाफेचं पाणी, ते मी बघितलं नाही. बघायचं नव्हतं मला. माझा राग गेला, असंही म्हणणार नाही.

परत पोचलो तोवर दुपार टळली होती. नैवेद्य दाखवला, पंगती बसल्या, आणि खीर झाडून सगळ्यांनी घेतली. आमटी-भातावर कुणी थांबलं नाही. मामी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. सकाळपासून तिनं तोंडात काही घातलं नव्हतं. मी वाटी भरून घेऊन गेले तर तिनं ती बाजूला सारली. मी तिच्याजवळ बसून राहिले. बाहेर वाढप्यांची हाकाहाक चालू होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “सोपानतात्या आलं हुतं म्हनं तुज्या शेडात?”

“व्हय.”

“आत?”

“पार केटलपाशी. मामा उभे राहायचे तिथं. खीर हुईस्तवर.”

मामी जमिनीकडं बघत होती. “चपला घालून?”

“न्हाई मामी. दारातच काढल्या. मी नको म्हणत होते तरी.”

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि बाजूला सारलेली वाटी पुन्हा पुढं ओढली. खिरीला बोट लावून बघितलं. गार झाली होती.

“ही ठिव बाजूला,” मामी म्हणाली. “गरम वाढ मला. आनि जरा जास्त वाढ.”